साठ तासांची गोधडी

गोधडीचा भाव विचारला, की भीमाबाई गजभिये आधी गिऱ्हाइकाकडे बघत. रिक्षातून आलेल्याला चारशे, पायी आलेल्याला तीनशे. जुन्या साड्या गिऱ्हाइकाच्या, दोरा त्यांचा. जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यात, बाजारामागच्या दोन खोल्यांत बावीस वर्षं हेच चाललं होतं. महिन्याला चार गोधड्या तरी होत.

गेल्या मार्चमध्ये उजवा अंगठा वळेनासा झाला. दिवसाला किती तास शिवता, असं डॉक्टरांनी विचारलं. भीमाबाईंना सांगता आलं नाही. सोबत आलेली सून प्रियंका, तिलाही नाही.

घरी आल्यावर प्रियंकाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ लिहायला घेतली. सासू शिवायला बसली की एक आकडा, उठली की दुसरा.

"घंटे मोजून कोणी शिवते काय?" भीमाबाई म्हणाल्या.

"मी दुकानात नऊ घंटे उभी राहते, आई. त्याचेच पैसे घेते ना?"

एप्रिलअखेर एक गोधडी पुरी झाली. बेरीज साठ तास. म्हणजे चारशे धरले तरी तासाला जेमतेम साडेसहा रुपये, त्यातून दोरा वजा. भीमाबाईंनी बेरीज पुन्हा करायला लावली. तेवढीच आली.

गल्लीतली रोशनी भांडी घासायला जाते, तिला तासाचे तीस पडतात. तोच दर दोघींनी धरला. भाव झाला अठराशे.

विजय नगरच्या विनीता सोनटक्के म्हणजे जुनं गिऱ्हाईक. त्यांना हा भाव खरा वाटेना.

"अठराशे? कपडा तर आमचाच आहे ना, काकू!"

"कपडा तुमचाच आहे, दीदी. मी शिवायचेच सांगून राहिली."

विनीताबाई आणलेल्या सहाही साड्या परत घेऊन गेल्या. त्या संध्याकाळी भीमाबाई सुनेवर चिडल्या. सहाशेला दिली असती तर काय बिघडलं असतं, म्हणाल्या. पुढचे दोन महिने कोणी आलं नाही.

जुलैत शालिग्राम बोरकर आले. रेल्वेतून निवृत्त, बायको वारलेली, तिच्या साड्या पिशवीत. अठराशे कशाचे, असं त्यांनी विचारलं. भीमाबाईंनी एप्रिलचं पान काढून पुढे केलं. चष्मा लावून त्यांनी एकेक तारीख वाचली.

"चौदाला काहून काही नाही?"

"जयंतीला कोण सुई धरते, भाऊ?"

"अठराशे मले नाही जमणार, बाई."

भीमाबाईंना पटकन भाव उतरवावासा वाटला. साड्या कोणाच्या, ते त्यांना कळलं होतं. पण त्या म्हणाल्या, "मग लहान करू. एका माणसापुरती. चाळीस घंटे लागतील, बाराशे."

ते हो म्हणाले. त्यांनी गोधडी नेली, पुढच्या महिन्यात बहिणीलाही गोधडी शिवून घ्यायला पाठवलं.

आता महिन्याला एखादीच गोधडी होते, कधी तीही नाही. वर्षाचे पैसे पूर्वीइतकेच पडतात. दुपारी भीमाबाई झोपतात. अंगठा बराचसा वळतो.