धानाच्या दिवसांतलं माझं धावणं

गोंदियाच्या डॉक्टरांनी माझा रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाले, "देखिए, संक्रांतीनंतर पुन्हा तपासू. शुगर एवढीच निघाली तर मग इंजेक्शन. रोज. पेट में."

मी पन्नाशीला टेकलेला माणूस. पण सुईची मला एवढी धास्ती की पोलिओच्या बूथवरून जातानासुद्धा, तिथे नुसते थेंब देतात हे ठाऊक असून, मी सायकल जोरात मारतो. डॉक्टर पुढे बरंच काही बोलले. मला फक्त 'पेट में' ऐकू आलं.

परतीच्या वाटेवर सडक अर्जुनीला बस थांबली. भजी तळली जात होती. मी जागेवरून उठलो, बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी बसलो.

"उद्यापासून धावाचं," ती म्हणाली. "चालाले पाठवलं की तुमी पानठेल्यापर्यंत जाता अन् येता."

खोटं बोलत नव्हती. पानठेल्यावर मी बर्फी खातो हे तिला माहीत नव्हतं, एवढंच.

दिवाळी झाली होती. आमच्या केशोरीकडे या दिवसांत धान कापून झालेलं असतं आणि भारे रचून शेतात घराएवढाले ढीग उभे असतात. त्याला आम्ही पुंजणं म्हणतो. मळणी होईपर्यंत घरातली वर्षाची कमाई त्या ढिगात असते, आणि एका ठिणगीत जाऊ शकते. म्हणून ज्याचं पुंजणं त्याच्या घरचं कुणीतरी शेतात राखणीला निजतं, आणि पहाटे जरा दूर बांधाकडे शेकोट्या पेटतात. अशा दिवसांत आमच्याकडे मोठा माणूस उगाच धावत नाही. धावला तर कुणाचं तरी पुंजणं पेटलं, असंच समजायचं. मी याच गावात जन्मलो, वाढलो, सोसायटीत बाबू झालो. हे मला ठाऊक असायला हवं होतं. पण पायात नवे बूट आले की माणसाचं डोकं चालत नाही.

पहिल्या पहाटे कानटोपी घालून मी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर धावायला लागलो. धुकं एवढं होतं की आपलेच बूट दिसत नव्हते, आणि त्यांची किंमत आठवून ते जास्तच वाईट वाटत होतं. थोड्या वेळाने मागे पावलं ऐकू आली. मी वेग वाढवला. पावलांनीही वाढवला. मी घाबरून जिवाच्या आकांताने धावलो, तशी मागून आरोळी आली, "बाबूजी! कोनाचं पेटलं जी?"

वळून पाहिलं. माझ्या शेजारच्या शेताचे म्हातारे मालक, ज्यांना सारं गाव मामाजी म्हणतं, बादली घेऊन धापा टाकत होते. त्यांच्यामागे ओलं पोतं घेतलेली चार-पाच माणसं. सगळ्यांत मागे घागर घेऊन त्यांची बायको, मामी.

"कोणाचंच नाही," मी म्हणालो.

"मंग काऊन धावून राहिले?"

"तब्येतीसाठी."

मामाजींनी बादली खाली ठेवली. मग मामाजी म्हणाले, "तब्येत खराब झाली तं मानूस निजते जी. तुमी धावून राहिले?"

"अन् मी भरली घागर घेऊन आली," मामी म्हणाल्या. "माझी तब्येत झाली ना आता चांगली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यापायी एवढी पुंजणी राखणीवाचून पडली होती. मी एकेकाची माफी मागितली. मामींची घागर मी परत नेऊन देतो म्हणालो आणि वाटेत निम्मी सांडली. त्याचीही माफी मागितली. शेवटी त्यांनीच मला शेकोटीजवळ बसवलं आणि हातात चहा दिला. आमच्याकडचा शेकोटीचा चहा म्हणजे साखरेत थोडं दूध. नाही कसं म्हणणार? आधीच अपराधी होतो.

दुसऱ्या दिवसापासून हेच सुरू झालं. शेकोटीवरून जाताना "बसा जी, शेका" म्हटलं की न बसता पुढे जायचं नाही, ही आमची रीत. नहराच्या पाळीलगत शेकोट्या बऱ्याच. मी एका शेकोटीपासून दुसरीपर्यंत धावायचो, बसायचो, चहा प्यायचो, सुईचं दुःख सांगायचो, उठून पुढच्या शेकोटीकडे धावायचो. जी साखर धावण्याने उतरत होती ती चहाने परत चढत होती. घरी आलो की बायको विचारायची, "धावले ना?" मी म्हणायचो, "धावलो." खरं होतं ते. पण तिने घाम पुसायला पंचा पुढे केला की माझ्याच्याने तिच्याकडे बघवत नसे.

तरी कुणी ना कुणी मला पाहून बादली उचलायचंच. त्यात एकदा धानाची ट्रॉली जोडलेला, मागे दिवा नसलेला एक ट्रॅक्टर धुक्यात उभा होता आणि मी थेट पोत्यांवर जाऊन आदळलो. त्या दिवशी मामाजींनी गोठ्यातून घुंगरमाळ काढून आणली.

"माझ्या शंकरपटात धावनाऱ्या बैलाची आहे. गळ्यात घाला. वाजली की आमी समजू, बाबूजी आहे. आग नाई. ट्रॅक्टरवाल्यालेबी ऐकू येन."

"लोक हसतील, मामाजी."

"थे तं आताबी हासून राहिले."

घातली. खरं सांगायचं तर बरं वाटलं. पावलागणिक छुम छुम वाजायचं, आणि थांबलो की बंद व्हायचं. त्यामुळे थांबायची लाज वाटायची. हातपाय गारठलेले असताना उठायची इच्छा नसे, पण गावाला माझा आवाज पाठ झाला होता. आज वाजलं नाही तर उद्या विचारतील, या भीतीने मी रोज उठत होतो.

मग एका पहाटे लाखोळीच्या, म्हणजे लाखेच्या डाळीच्या, शेतातून रानडुक्कर निघालं. मागे कुत्री लागली होती. पाळीवर मी समोर, ते माझ्यामागे. मी असा धावलो की तसा आधी कधी धावलो नव्हतो. ओरडायचं होतं, पण तोंडातून आवाज फुटेना. आवाज फक्त घुंगरांचा. धुक्यातल्या शेकोटीवरून कौतुक झालं, "बाबूजी आज जोरात हाये!" कुणीतरी शिट्टीही मारली.

समोर मामाजींचं पुंजणं दिसलं. वर चढलो की वाचलो. आणि तिथे मी थांबलो. बूट काढायला.

धानाला पायताण लावायचं नाही. लहानपणी यावरून पाठीत धपाटे खाल्ले आहेत. डावा बूट निघाला. उजव्याला बायकोने दुहेरी गाठ मारून दिली होती, नाडी सुटून पडू नये म्हणून. डुक्कर येत होतं आणि मी एका पायावर उभा राहून, गळ्यात घुंगरं घालून, गाठ सोडवत होतो. ती सुटेना. शेवटी तसाच चढलो आणि उजवा पाय धानाला लागू नये म्हणून हवेत धरून वर बसलो. डुक्कर पुंजण्याकडे न बघता नहर ओलांडून गेलं.

मामी आल्या. खालचा बूट पाहिला, मग मला.

"टांग काऊन वर केली जी?"

"बूट आहे मामी. धानाला लागेल."

"अन् डुक्कर?"

"ते मागे होतं."

"म्हंजे मागं डुक्कर, अन् तुमी बूट काहाडत होते?" त्या मागे वळून मामाजींना ओरडल्या, "अवो, पाहा ना इकडं! लवकर या!"

मामाजी आले, पाहिलं आणि बांधावर बसून पोट धरून हसले. मला उतरवायला शिडी आणावी लागली, कारण एक पाय हवेत धरून उतरता येत नव्हतं.

शेकोटीजवळ बसल्यावर मी जाहीर केलं, "उद्यापासून धावणं बंद."

"मंग घ्या सुई," मामी म्हणाल्या. "डुक्कर आज आलं, उद्या येन का नाई येन. सुई तं रोज येन."

मी डावा बूट पुन्हा पायात चढवला. शेकोटीनेच मग ठरवलं की उजाडल्याबिगर निघायचं नाही, लाखोळीकडे जायचं नाही, हातात काठी ठेवायची. आणि मी एका शेकोटीवरून निघालो की तिथला माणूस पुढच्याला ओरडून सांगायचा, "बाबूजी निंगाले!" पुढून यायचं, "येऊ द्या!" आलो नाही तर ते शोधायला येणार होते. गावातल्या एकाही पोराची शाळेला जाताना एवढी काळजी कुणी घेतली नसेल. असा माझा उरलेला हिवाळा गेला.

संक्रांतीनंतर डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "उतरली आहे. पर इतना दौडके जितनी उतरनी चाहिए, उतनी नहीं. चाय?"

बायको शेजारी बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. शेकोट्या, चहा, पानठेल्यावरची बर्फीसुद्धा, जी कुणी विचारली नव्हती. डॉक्टरांनी खाली बघून हसू दाबलं आणि म्हणाले, "इंजेक्शन अभी नहीं. होळीनंतर बघू. चाय बिना शक्कर."

दुसऱ्या दिवशी मी धावायला निघण्याआधीच बायको शेकोटीवर जाऊन मामींना सांगून आली होती. मामींनी मान डोलावली. पण त्यांच्याकडे पातेलं एकच. माझ्यासाठी वेगळा चहा कोण करणार? त्या दिवशी सगळ्यांनाच बिनसाखरेचा चहा मिळाला. माणसं घोट घेऊन विस्तवाकडे बघत बसली. कुणी तक्रार केली नाही, त्यामुळे मला आणखीच वाईट वाटत होतं. मी तोंड उघडून माफी मागणार, एवढ्यात मामाजींनी कप खाली ठेवला, मिशा पुसल्या आणि अगदी मायेने म्हणाले,

"बाबूजी, तुमी सुईच घ्या जी."