पाच वाजताचा नातू

माझ्या घरी नातू राहत नाही, ही गोष्ट आमच्या बिल्डिंगला कळायला दोन महिने लागले.

वैजापूरच्या तहसील कचेरीत पस्तीस वर्षं कारकुनी करून मी रिटायर झालो, संभाजीनगरात फ्लॅट घेतला, आणि दुसऱ्याच वर्षी सुधा गेली. मुलगा पुण्यात. त्याचा चार वर्षांचा पोरगा व्हिडिओ कॉलवर मला फक्त कपाळ दाखवतो. दिवस कसाही ढकलता येतो, पण संध्याकाळचे पाच खायला उठायचे, कारण तेव्हा सुधा चहा टाकायची. एकदा चॅनल बदलता बदलता कार्टूनमधलं गुंड्या नावाचं कासव सापडलं. ते रोज रस्ता चुकतं, रोज उशिरा घरी पोचतं, आणि दारात सगळी मंडळी त्याची वाट बघत असतात. मला ते भयंकर आवडलं. (मी त्याला मोठ्यानं सूचनाही द्यायचो. 'अरे, डावीकडं वळ!' कचेरीत माझं कोणी ऐकलं नाही, गुंड्यानंही नाही.)

शेजारच्या नसीमभाभींनी हे भिंतीपलीकडून ऐकलं आणि वाटीभर गाजरहलवा घेऊन आल्या.

"पोता आया ना, भाईजान? सांगितलं पण नाही तुम्ही."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण दूधवाला सोडला, तर महिन्याभरात माझी बेल वाजवणारं ते पहिलंच माणूस होतं. मी म्हणालो, "आत झोपलाय." (एवढा मोठा टीव्ही लावून पोरगं झोपतं कसं, हे त्यांनी विचारलं नाही. भल्या बाई आहेत.)

तिथून बिघडत गेलं. दुसऱ्या दिवशी तो लाजत होता, तिसऱ्या दिवशी अंघोळ करत होता. खालच्या मजल्यावरच्या, मूळच्या पाचोडच्या मंगलताई शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या, तेव्हा त्याला कांजिण्या आल्या. लाडू मी खाल्ले. रोज कोणीतरी येत होतं, दोन शब्द बोलत होतं. खरं सांगितलं की हे बंद होईल, याची मला फार भीती वाटायची.

मग संक्रांत आली. लहान लेकराच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे, गोळ्या ओततात, ते बोरन्हाण मंगलताईंनी परस्पर ठरवून टाकलं! मला कळलं तेव्हा त्या परात घेऊन दारात होत्या, मागं हलव्याचा मुकुट घेतलेल्या नसीमभाभी, आणि त्यांच्या मागं बोरं वेचायला बिल्डिंगची सगळी पोरं. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं. टीव्हीवर गुंड्या विहिरीत पडलेला, आणि समोर बनियनवर मी एकटा.

"लेकरू कुठंय, नाना?"

"लेकरू नाही, ताई. कार्टून मीच बघतो. एकट्याला करमत नाही."

गुंड्या तेवढा 'वाचवा, वाचवा' करत होता. मग मंगलताईंनी आतून पाट आणून मांडला.

"लई बोरं आणलीत. वाया घालायची व्हय? बसा."

मी बसलो. मुकुट चार वर्षांच्या मापाचा, माझ्या टकलावर थांबेना, म्हणून नसीमभाभी तो हातानं धरून उभ्या राहिल्या. परात रिकामी झाली, पोरं तुटून पडली, आणि (कोणाला सांगू नका) तीन गोळ्या मीही मुठीत दाबल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते बोर लागलं म्हणून, असं मी सांगितलं.

आता पोरं रोज पाचला माझ्याकडं येतात आणि मी गुंड्याला रस्ता सांगायला लागलो की मलाच गप्प करतात. बोरन्हाण म्हणे पाच वर्षांपर्यंत करतात. माझं हे पहिलंच होतं. म्हणजे अजून चार संक्रांती मी हक्कानं पाटावर बसणार आहे.