वन्संच्या खांद्यावर

आमच्या सणसरकडं मयताच्या घरी बाई भेटायला आली की ती फाटकापासूनच गळा काढते. मग घरातल्या बाईनं उठायचं, तिच्या गळ्यात पडायचं, आणि दोघींनी मिळून गेलेल्या माणसाचे गुण सांगत रडायचं. जरा वेळानं कुणीतरी "आता पुरं करा" म्हणतं, पाणी येतं, चहा येतो, ऊस तुटला का, कुणाचं लग्न ठरलं, अशी बोलणी निघतात. तोवर फाटकात दुसरी गाडी थांबते. परत पहिल्यापासून.

हे काम मला चांगलं जमायचं, खोटं कशाला बोलू. आवाज मोठा, आणि कोण कसं होतं ते ध्यानात राहायचं. कुठं मयताला जायचं असलं की बायका मला जीपमध्ये पुढं बसवायच्या. "काकी, तुमी सुरू करा, मग आमाला येतंय," म्हणायच्या. नाटकात पडदा वर गेला की पहिलं बोलणारं एक माणूस लागतंच ना, तशी मी.

मागच्या वर्षी आमचे मालक गेले. सकाळी वांग्याच्या रानातनं आले, पाय धुतले, खाटेवर बसले, ते बसल्या जागीच. आणि मला रडूच येईना. आत नुसता भुसा भरल्यासारखं. पण गाडी थांबली की कोपऱ्यातनं माझी जाऊ बघायची, ही आता कशी उठतीय. लोकांच्या मयताला एवढा गळा अन् नवऱ्याला काहीच नाही, हे गावभर व्हायला कितीसा वेळ. म्हणून उठायचे. डोक्यावर पदर, हात पुढं, "कसं सोडून गेला वो" सुरू. सगळं तोंडपाठ. माझाच आवाज मला शेजारच्या घरातनं आल्यासारखा ऐकू यायचा.

तिकडं मांडवात पोरगा पुरुषांपुढं हात जोडून तेच तेच सांगत होता. पहिल्या दिवशी त्याच्या सांगण्यात नुसतं "बसले अन् गेले" होतं. मग त्यात "चहा मागितला" आलं. मग "आईकडं लक्ष ठेव म्हनले" आलं. असं ते काही म्हणाले नव्हते. मी आत ऐकत होते. आलेल्या माणसाला त्यालाही काहीतरी द्यावं लागत होतं.

झोप अशी नव्हतीच. बसल्या बसल्या डोळा लागायचा की फाटक वाजायचं. एकच वाटायचं, आता कुणी आलं तर माझ्यानं उठवणार नाही आणि सगळं उघडं पडणार.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मोरगावच्या वन्सं आल्या. मालकांची थोरली बहीण, त्यांनीच ह्यांना लहानाचं मोठं केलेलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं म्हणून मातीला येता आलं नव्हतं. एसटीतनं उतरल्या, डोळ्याला काळा चष्मा, आणि फाटकातच असा हंबरडा फोडला की बांधावरची शेळी उठून उभी राहिली. सगळ्या बायका सरकून बसल्या. आता खरं रडणं बघायला मिळणार होतं.

मी कशीबशी उठले. वन्संनी मला गच्च धरलं. तोंडानं "माजा भाऊ गेला गं" चाललेलं, आणि मधेच कानाशी हळू आवाजात, "डाक्टरनं डोळ्याला पानी आनायचं न्हाय म्हनलंय. मी नुसता आवाज काढते. तू मान टाक अन् पड जरा. किती दमलीस गं."

मी मान टाकली. त्यांच्या लुगड्याला मिसरीचा वास येत होता. पुढचं मला ठाऊक नाही, मी झोपले.

बायकांना वाटलं चक्कर आली. कांदा फोडून नाकाला लावायला धावल्या. तर वन्सं, असं मला सुनेनं मागनं सांगितलं, रडणं न थांबवता म्हणाल्या, "हात लावू नगा तिला. दुःखानं शुद्ध गेलीया. घटकाभर पडू द्या."

जाग आली तेव्हा माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. बायका चहाला उठून गेलेल्या. वन्सं गप होत्या आणि काळ्या चष्म्याखालनं पाणी गळत होतं.

"वन्सं, डाक्टरनं..."

"गप. त्याचा काय भाऊ गेलाय."

मग मला आलं. आवाज नाही, काही नाही, नुसतं येत राहिलं. बघायला कुणी नव्हतं.

परवा कळसला एका मयताला गेले होते. तरणी बाई, उठून आली ती पाय ओढतच. तिला धरलं, गळा काढला आणि कानाशी म्हटलं, "तू काय करू नगंस पोरी. मी हाय." तिनं मान टाकली. एवढं जड डोकं, खांदा अजून ठणकतोय.