चौदा खिळे

निवड चाचणीच्या आदल्या दिवशी ताईच्या धावायच्या बुटांचे खिळे मी काढून आणले. हात बूट दुरुस्तीवाल्या काकांचे, अक्कल माझी. एका बुटाचा टाका उसवला होता, तेवढा घालून आणायचा होता. मी म्हणालो, "काका, एकदम व्यवस्थित करा हं," आणि समोरच्या दुकानात मॅच बघत उभा राहिलो. परत आलो तर तळाचे चौदाच्या चौदा खिळे गायब आणि वर जाड रबर चिकटवलेलं.

"सगळे खिळे बाहेर आले होते रे. पोरीच्या पायात घुसले असते."

मला ते पटलं! धावताना पकड मिळावी म्हणून ते खिळे मुद्दाम लावलेले असतात, हे मला कुठं ठाऊक? ताईचे बूट मी त्याआधी कधी उलटे करून पाहिलेच नव्हते.

आमची लाँड्री. ताई पहाटे मैदानावर, आठपासून इस्त्रीच्या टेबलाशी. इस्त्री तापेपर्यंत टेबल धरून गुडघे उचलायची. त्या नादात एका वकिलांच्या कोटाची बाही गेली. निवड दोनदा हुकली होती. बाबांनी बजावलं होतं, "यंदा पहिल्या दोघींत आलीस तर धाव. नाहीतर मैदान बंद, दुकान सहाला उघडायचं."

दुसऱ्या दिवशी मैदानावर तिनं पिशवीतून बूट काढले, उलटे केले आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे काय?"

"काका म्हणाले, पाय सुखात राहतील."

तिच्या सरांनी कपाळावर हात मारला. "कुणाचे तरी मागून आणतो."

"माझे पाय बदकाचे, सर. कुणाचे व्हायचेत?" मग मला म्हणाली, "तू तोंड उघडू नकोस. नंतर बघते."

ती तशीच सरावाला गेली. तीनदा सुटली, तीनदा पाय सटकला. चौथ्यांदा पावलं छोटी टाकली. "सुरुवातीला जोर लावत नाही, सर. मागून गाठते."

"शंभर मीटरमध्ये मागून?"

"मग काय, इस्त्री करू?"

बार झाला. तीस मीटरला ताई सगळ्यांत शेवटी. साठला ती चौथी होती, आणि मग तिनं जे पाय उचलले ते मला अजून दिसतात. इतकी वर्षं टेबल उगाच हललं नव्हतं. छाती पुढे टाकून तिनं दुसरी जागा अक्षरशः हिसकावली. दोरीपाशी बाबा गिऱ्हाइकाचा कोट हातावर घेऊन उभे. "दुसरी म्हणजे दोघींत आली ना?" असं त्यांनी तीन अनोळखी माणसांना विचारलं.

ताई धापा टाकत माझ्याकडे आली. "किती खिळे होते?"

"चौदा."

"चौदा फेऱ्या. या मैदानाच्या. मी बघत असताना."

पुढची सहा वर्षं शंभर मीटरमध्ये देशात तिला कुणी मागे टाकलं नाही. काकांच्या टपरीत तिचा पेपरातला फोटो चिकटवलाय आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "पहिली निवड आमच्या रबरावर झालीय." ताई कधी खोडून काढत नाही. उलट चपला तिथंच शिवून घेते.

आता ती मुलींना शिकवते. सुट्टीला घरी आली की पिशवी ठेवायच्या आधी मला मैदानावर नेते, स्टॉपवॉच घेऊन. खेपेला एखादी करत चौदातल्या अकरा फेऱ्या झाल्यात. परवा मी म्हटलं, "ताई, डावा गुडघा धरलाय गं."

"मागच्या खेपेला उजवा होता."

तीन राहिल्यात.