पात्र नसलेला लॅपटॉप

आमच्या घरातला लॅपटॉप नव्या सिस्टिमसाठी पात्र नाही, हे कंपनीने आम्हाला रीतसर कळवलं होतं. पडद्यावर एक पाटी आली आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत कारणं. मी ती वाचली आणि म्हणालो, "आता नवा घ्यावा लागेल." माझी बायको शाळेत गणित आणि कॉम्प्युटर शिकवायची, बऱ्हाणपूरहून रोज नेपानगरला जाऊन-येऊन. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याजवळ जाऊन ती पाटी दोनदा वाचली.

"तुम्हाला रिटायर होऊन तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "मी बदललं का तुम्हाला?"

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. यंत्रांशी माझा संबंध कपाटाच्या कुलपापर्यंतच. लॅपटॉप मात्र माझ्यासाठीच घेतलेला होता, आणि तो वापरायची ती. त्याची एक बिजागरी मोडली होती, म्हणून मागे जुन्या विश्वकोशाचा एक खंड टेकवावा लागे. बॅटरी सात-आठ मिनिटं टिके. मेमरी तिनेच वाढवली होती. आतली जुनी डिस्क काढून नवी, न फिरणारी डिस्कही तिनेच घातली होती, स्वयंपाकघरात, डब्याच्या झाकणांत स्क्रू वेगवेगळे ठेवून.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिने त्यावर नवी सिस्टिम चढवली. हे कसं जमलं, असं मी विचारलं.

"दारात शिपाई बसवलाय," ती म्हणाली. "आत जाणाऱ्याचं वय विचारतो. बाकी आत काही अडत नाही. मग आपण शिपायाला विचारूच द्यायचं नाही."

पेनड्राइव्ह तयार करतानाच ती तपासणी वगळून टाकायची सोय असते, एवढं मला कळलं. पुढे हा दर दिवाळीचा कार्यक्रम झाला, कारण अशा मागच्या दाराने आत गेलेल्या लॅपटॉपला वर्षाची मोठी सुधारणा आपोआप मिळत नाही. दर वेळी नव्याने चढवावी लागते. जेवणं झाली की टेबल पुसून ती लॅपटॉप मांडायची. त्या दुपारी घरात मिक्सर लावायला बंदी असे. एकदा मिक्सर लावल्यावर घराची वीज गेली होती आणि बासष्ट टक्क्यांवर सगळं अडकलं होतं, तेव्हापासून. टक्के वाढेपर्यंत ती समोर बसून तुरीची डाळ निवडायची. मध्येच मान वर करून म्हणायची, "चल, बाळा." लॅपटॉपला. मला ती कधी असं म्हणाल्याचं आठवत नाही, आणि याबद्दल मी तक्रारही केली होती.

गेल्या माघात ती गेली. आजार लांबला नाही.

तिच्या आई नेपानगरला राहतात. वय शहाऐंशी. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली, पण वाचता येत नाही. तेराव्याच्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, ती कॉलनीवर काहीतरी लिहून राहिली होती. मला विचारायची, अमक्याच्या घरात कोण राहायचं, तमक्याचं काय झालं. ते सापडलं तर मला वाचून दाखवा. वर्षश्राद्धाच्या आत."

ते सापडलं. 'कॉलनी' नावाचीच फाइल होती. तिचे वडील जळगावकडून नेपानगरच्या कागद कारखान्यात नोकरीला आले. तिथल्या कॉलनीतल्या मराठी घरांत ती वाढली. त्या घरांबद्दल तिने सुट्ट्यासुट्ट्यांतून लिहिलं होतं, आणि लिहिते आहे हे मला सांगितलं नव्हतं. मी चार पानं वाचली. पाचव्या पानावर गेलं की लॅपटॉप थिजायचा. पाच-पाच मिनिटं काही हलायचं नाही, मग ती खिडकी आपोआप मिटायची. सिस्टिम जुनी झाली होती. तिच्या हातची शेवटची दिवाळी उलटून आता वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला त्या मजकुराची छोटी पुस्तिका करून वाटावी, असं मी ठरवलं. शनवारा दरवाज्याजवळच्या लग्नपत्रिकांच्या छापखान्यात जाऊन तसं सांगूनही आलो. म्हणजे आधी लॅपटॉप चालता करायला हवा होता.

तिने हे सगळं एका वहीत लिहून ठेवलं होतं. स्वतःसाठी, त्यामुळे थोडक्यात. सिस्टिम चालू असतानाच पेनड्राइव्ह उघडायचा, आणि विचारलं की 'सगळं ठेवा' म्हणायचं, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. पण मी व्हिडिओही पाहिले. एका व्हिडिओतला हसतमुख माणूस सांगत होता की जुन्या लॅपटॉपवर सगळं पुसून कोरी सिस्टिम घातली की तो पळायला लागतो. मला ते पटलं. पुसण्याची भीती वाटली नाही, कारण मी ग्रंथपाल आहे. इमारत रिकामी करायची तर आधी पुस्तकं हलवायची, हे मला कळतं. मी तिची प्रत्येक फाइल दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घेतली, मोजून पाहिली, यादी केली. मग दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी टेबल पुसलं आणि सुरुवात केली. तासाभराने लॅपटॉप खरोखर पळायला लागला. मला इतका आनंद झाला की मी उठून चहा केला आणि कप टेबलावर ठेवताना लक्षात आलं, दोन केले होते.

मग 'कॉलनी' उघडली.

पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं होती. त्यांचा शब्द होत नव्हता. मध्ये कंस, टक्क्याची चिन्हं, आकडे, कुठे डॉलरची खूण. परिच्छेद जागच्या जागी होते. शीर्षकं ठळक होती. फक्त मराठी नव्हतं. मी दुसरा पेनड्राइव्ह लावला. तिथेही तेच. तिच्या प्रश्नपत्रिका उघडल्या, तिने भाच्याच्या मुंजीसाठी लिहिलेलं निमंत्रण उघडलं. सगळीकडे तेच. मूळ डिस्क मी स्वतःच्या हाताने पुसलेली होती.

नंतरचे दहा-बारा दिवस मी लॅपटॉप उघडला नाही. सासूबाईंचा फोन एक दिवसाआड यायचा.

"किती पानं झाली?"

"चाललंय, आई."

"सगळं वाचून घेऊ नका एकटेच. आधी मला."

"नाही, आई."

हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. शेवटी मी ठरवलं की आधी छापखान्यात जाऊन पुस्तिका रद्द करावी, आणि तिथून तसाच नेपानगरला जाऊन त्यांना तोंडाने सांगावं. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

छापखानेवाला पंचेचाळिशीचा. शाळेत माझ्या बायकोच्या हाताखालून गेलेला. दुकानात समोर पत्रिकांचे नमुने टांगलेले, मागे एक जाड काचेचा डबा मॉनिटर, त्याच्यावर दसऱ्याच्या पूजेची हळदकुंकवाची बोटं अजून तशीच.

"बसा ना सर. मॅडमचं मॅटर आणलं?"

"रद्द करायचंय," मी म्हणालो. "मजकूर खराब झाला. माझ्या हातून झाला."

"खराब म्हंजे?"

मी सांगितलं. तो ऐकत असताना एका पत्रिकेवरचा गणपती कात्रीने सरळ करत होता. अर्ध्यातच त्याने हात पुढे केला. "पेनड्राइव्ह आहे का खिशात? द्या इकडे."

"दोन्ही पाहिले मी. काही उपयोग नाही."

"अरे सर, देखने में क्या जाता है. मॅडमनी मला गणितात दोन वेळा नापास केलं, मी तरी तिसऱ्या वेळी बसलोच ना."

त्याने पेनड्राइव्ह लावला. तो जुना कॉम्प्युटर बराच वेळ घरघरला. मी मुद्दाम रस्त्याकडे बघत होतो. मग तो म्हणाला, "सर, हे वाचा," आणि मी वळलो. पडद्यावर मराठी होतं. काळं, ठसठशीत, तिचं. पाचवं पान. कारखान्यातला फाटका कागद घरी आला की त्याच्या वह्या शिवायच्या, त्यावर शाई पसरायची, आणि पसरू नये म्हणून मुलं टाक कसा उचलून धरायची, ते तिथे लिहिलेलं होतं. मी उभ्याउभ्याच तो परिच्छेद वाचून काढला. छापखानेवालाही वाचत होता. त्याचे ओठ हलत होते.

"मग माझ्याकडे काय झालं होतं?" मी विचारलं.

"काही नाही झालं. फाइल चांगली आहे." त्याने मागच्या भिंतीकडे मान केली. तिथे एक लाकडी खणांचं तबक टांगलेलं होतं, जुन्या छपाईचे शिशाचे खिळे ठेवायचं. "वडील यातून एकेक खिळा उचलून मजकूर जुळवायचे. मॅडम टाइप करायच्या तो फॉन्ट जुन्या पद्धतीचा. त्यात फाइलीत अक्षर नसतंच, सर. कोणत्या खणातला खिळा, तेवढंच लिहिलेलं असतं. खिळे कॉम्प्युटरमध्ये वेगळे. तुम्ही मजकूर जपून नेला अन् खिळे झाडून फेकून दिले. आता मशीन त्याच खणातून इंग्रजी खिळे उचलून राहिलं."

मी पुस्तकं हलवली होती. अक्षरं इमारतीतच राहतात, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. चाळीस वर्षं पुस्तकांत काढलेल्या माणसाने हे करावं, याचं मला त्या क्षणी वाईट वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. मला फार बरं वाटत होतं.

"तुमच्याकडे कसे हे खिळे?"

"माझ्याकडूनच तर नेला होता मॅडमनी हा फॉन्ट, प्रश्नपत्रिका करायला. दर वेळी आल्या की मला रागवायच्या. हे मशीन बदल, नवीन सिस्टिम टाक, मी टाकून देते. मी म्हणायचो, मॅडम, माझ्या साऱ्या पत्रिका याच्यात आहेत, हात नका लावू." तो हसला. "त्या गोष्टीवर आमचं कधी जमलं नाही."

त्याने तो फॉन्ट माझ्या पेनड्राइव्हवर घालून दिला. एका फोटोपेक्षाही लहान फाइल होती. "आता छापायला ठेवू ना?" त्याने विचारलं.

"नको. आधी तिच्या आईंना वाचून दाखवायचंय."

घरी येऊन मी त्या फाइलीवर दोनदा टिचकी मारली. पडद्याने एक प्रश्न विचारला, मी हो म्हटलं. नव्या सिस्टिमवर, त्या अपात्र लॅपटॉपमध्ये, 'कॉलनी' पहिल्यापासून शेवटपर्यंत उघडली. एकशे बारा पानं. कुठेही थिजली नाही. शब्द दिला होता म्हणून मी पुढे वाचलं नाही. शेवटचं पान तेवढं पाहिलं, ते अर्ध्या वाक्यावर थांबलं होतं. मग झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप कापडी पिशवीत घालून बसने नेपानगरला गेलो. सासूबाईंच्या खाटेजवळ विजेचं बटण नव्हतं, म्हणून आम्ही खाटच भिंतीकडे सरकवली. मोडक्या बिजागरीमागे त्यांनी आपली उशी दिली.

"हे तिचं मशीन?"

"हो."

त्यांनी झाकणावरून हात फिरवला. "गरम होऊन राहिलं."

"जुनं आहे, आई."

"असू दे. मोठ्यानं वाचा. या कानानं मला कमी येतं."

मी वाचायला लागलो. पहिल्याच पानावर होतं की पहाटेचा कारखान्याचा भोंगा झाला की आई उठायची आणि मग सगळी कॉलनी उठायची.

"चूक," सासूबाई म्हणाल्या.

मी थांबलो.

"मी भोंग्याच्या आधी उठायचे. चूल पेटून पाणी तापलेलं असायचं. भोंग्याला तिचे वडील उठायचे. अन् पहिल्याला नाही, दुसऱ्याला."

"मग बदलू का?"

बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला लावली. "तिनं लिहिलंय ना तसं," त्या म्हणाल्या. "ती झोपलेली असायची, तिला काय माहीत. बदलू नका. पण खाली बारीक अक्षरात लिहा की आईचं म्हणणं वेगळं आहे."

मी तळटीप घातली. बोटं अडखळत होती, तिच्या कीबोर्डवर तिच्या फॉन्टमध्ये टाइप करायला मला अजून येत नाही. एका ओळीला दहा मिनिटं गेली. सासूबाई न कुरकुरता थांबल्या. दुसऱ्या पानावर आणखी एक तळटीप झाली, शेजारच्या घरातल्या म्हशीबद्दल. तिसऱ्या पानावर दोन. एकीत सासूबाई मुलीशी पूर्ण सहमत होत्या आणि तेही त्यांना खाली लिहून हवं होतं. चौथ्या पानावर वडिलांचं वर्णन आलं, तिथे तळटीप झाली नाही. मी वर पाहिलं तर त्यांचे डोळे मिटलेले होते. झोपल्या असतील असं वाटून मी हळूच झाकणाला हात लावला.

"मिटू नका," त्या म्हणाल्या. "पुढे काय म्हणते ती?"

पाचवं पान आलं. मी वाचू लागलो.