रविवारची सतरंजी

अगं मुग्धा, समोर असतीस तर कान पिळला असता तुझा. वस्तीतल्या पोरींचे कॉलेजचे फॉर्म भरायला दर रविवारी माझ्या ओट्यावर यायचीस, आणि एका चुकीपायी येणंच सोडलंस? त्यातल्याच सारिकाकडे फोन नाही म्हणून फॉर्मवर तू स्वतःचा नंबर घातलास. प्रवेशाचा मेसेज आला तेव्हा तुझी परीक्षा होती, फोन दोन दिवस बंद. मुदत टळली, जागा गेली. एकीचं शिक्षण दुसरीच्या फोनवर टांगलेलं असतं, हे मला या वयात कळलं. मी रडले नाही, सारिकाही नाही. दोघी नुसत्या सुन्न झालो बघ. तरी आज तिनं सतरंजी अंथरली, तुझ्या जागेवरची चुणी हातानं सपाट केली. म्हणाली, "आजी, ताईला सांगा, प्रवेशाची दुसरी यादी लागायचीय." मला त्यातलं काही कळत नाही, चहा तेवढा टाकता येतो. लवकर ये.