सासूबाईंचा गुडघा पलीकडे पोचेना

...तर सासूबाईंचा गुडघा काही पलीकडे पोचला नाही! बाराला दहा कमी, आणि इस्पितळाच्या कॉम्प्युटरच्या थंडगार खोलीत ताई घामाघूम.

ताई म्हणजे टायपिस्ट म्हणून लागलेल्या, आणि चाळिशीत पोरांच्या बाकावर बसून कॉम्प्युटर शिकलेल्या. बारा वर्षं पेशंटच्या सगळ्या नोंदी त्यांच्याच हवाली. त्या दिवशी बाराच्या ठोक्याला जुना सर्व्हर बंद करून नवा चालू करायचा होता. जुन्यात एक ओळ पडली की तिची नक्कल नव्यात आपोआप उमटे. नक्कल किती मागे राहिली, ते स्क्रीन सांगे: शून्य सेकंद, हिरवंगार.

पण ताईंचा त्या हिरव्यावर काडीचा भरवसा नाही. त्यांनी काय करावं? खोटा पेशंट म्हणून चक्क सासूबाईंना भरती केलं! खऱ्या सासूबाई घरी ठणठणीत, टीव्हीचा रिमोट कुणाला देत नव्हत्या. दर अर्ध्या तासाने जुन्यात त्यांचं एक दुखणं लिहायचं आणि नव्यात उमटलं का बघायचं. अकराचा खोकला पोचला. साडेअकराचा गुडघा नाही. लगेच कंबर लिहिली, नाही. दाढ लिहिली, तीही नाही.

म्हणजे नक्कल थांबलीय. आता जुना बंद केला, तर मधले रक्ताचे रिपोर्ट डॉक्टरांना दिसायचेच नाहीत. पण मागच्या महिन्यात ताईंनी असंच काम अडवलं होतं आणि निघालं काहीच नव्हतं. "पुन्हा असं केलंत तर चौकशीच्या खिडकीत बसवीन," साहेबांनी बजावलं होतं.

"साहेब, थांबा."

"अहो ताई, शून्य दिसतंय! आता काय स्क्रीनने शपथ घ्यायची?"

"गुडघा पोचला नाही."

"कुणाचा?"

"सासूबाईंचा."

साहेबांनी एक हात कपाळाला लावला आणि दुसरा जुना सर्व्हर बंद करायच्या बटणाकडे नेला. ताईंनी आपली भलीमोठी पर्स धाडकन त्यांच्या कीबोर्डवर ठेवली.

मग शोधाशोध. नव्या सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरलेली! सव्वाअकरालाच नक्कल बंद पडली होती. आकडा सांगणारा प्रोग्रामही तिच्याबरोबर गप्प झालेला, जुनं शून्य तेवढं स्क्रीनला चिकटून राहिलेलं.

साहेब खाकरले. "ताई, ते खिडकीचं... मनावर घेऊ नका हं."

ताई म्हणाल्या, "घेतलं होतं ना मनावर, म्हणून तर तीन-तीनदा तपासलं आणि मगच पर्स ठेवली. आता उठा बघू, खुर्ची द्या. पेशंट खोळंबलेत."